तोंड फिरवा!

बोट बांधणाऱ्याची सगळी हुशारी समुद्र बाहेर ठेवण्यात खर्च होते. फटी बुजव, खिडक्यांना रबर लाव, झाकणं आवळ. मग ती बोट कोणीतरी विकत घेतो, तिच्यात खतसंडास बसवतो आणि पहिल्याच दिवशी डेकला 4 सेंटीमीटरचं भोक पाडतो.

सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहणाऱ्या आमच्या मित्राने आपल्या 34 फुटी शिडाच्या बोटीत हेच केलं. अमेरिकेत किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेला मैला पाण्यात सोडायला बंदी आहे. त्यामुळे आधी बोटीत टाकी होती, टाकीला पंप, पंपाला झडपा आणि झडपांना वास. ते सगळं उपटून त्याने कोरडा संडास आणला. पुढे लघवीची बाटली, मागे ऐवजाचा डबा, डब्यात कोकोपीट आणि ते ढवळायला बाहेरून एक मूठ. मुंबईत आम्ही गॅलरीतल्या तुळशीला घालतो तेच कोकोपीट. मी मनातल्या मनात तुळशीची क्षमा मागितली.

याचं खत होतं असं म्हणतात. होतही असेल, पण त्याला महिने लागतात. शनिवार-रविवारच्या सफरीत होतं ते निव्वळ वाळवण, आणि कुरडयांना लागतं तेच त्यालाही लागतं: कोरडेपणा आणि वारा. म्हणून डब्याला 12 व्होल्टचा पंखा असतो, संगणकात असतो तसला चिमुकला. तो अहोरात्र फिरतो, दिवसाला जेमतेम दोन-अडीच अँपिअर-तास वीज खातो, केबिनमधली हवा भांड्यातून ओढतो आणि नळीने डेकवर सोडतो. हवा आतून बाहेर जात असेल, तर वास खरंच येत नाही. धक्क्याला बांधलेल्या बोटीत त्या संडासाच्या दाराशी बसून मी कांदेपोहे खाल्ले आहेत, आणि वर लिंबूही मागितलंय.

धक्का सुटला की मात्र हवा कोणाचं ऐकत नाही. उन्हाळ्यात दुपारी गोल्डन गेटच्या बाहेर वायव्येचा वारा सहज 20-25 नॉटचा असतो. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर धावतं, समुद्राच्या लाटा आत यायला बघतात, आणि दोघांची गाठ पडते तिथे नेमके आपण असतो. आम्ही दक्षिणेला हाफ मून बेकडे निघालो होतो, म्हणजे वारा पाठीमागून. नळीच्या डेकवरच्या टोकाला कर्ण्याच्या आकाराचं तोंड असतं. लाटा समोरून येणार या हिशेबाने मित्राने ते मागे वळवून ठेवलेलं, त्यामुळे वारा थेट त्यात घुसला. वायव्येचा वारा विरुद्ध दशांश अँपिअरचा पंखा. सामन्याचा निकाल केबिनमध्ये ताबडतोब कळला.

"अहो, तोंड फिरवा!" वहिनी खालून ओरडल्या.

मित्राने सुकाणू न सोडता स्वतःचं तोंड फिरवलं.

"तुमचं नाही, नळीचं!"

मग सुकाणू माझ्या हाती आलं. मित्र कमरेचा पट्टा दोरीला अडकवून, चारी पायांवर, उसळत्या डेकवरून पुढे गेला. पूर्वी खलाशी असे शीड सोडवायला जात असत.

परतीला वारा आणि लाटा दोन्ही तोंडावर. नळीच्या कर्ण्याखाली मित्राने डोराड पेटी बसवली होती. 1930 साली पाण्यात उतरलेल्या आणि पुढच्याच वर्षी अटलांटिक पार करण्याची शर्यत जिंकलेल्या 'डोराड' बोटीवरून हे नाव पडलं. तिचा आराखडा ऑलिन स्टीफन्स या विशीतल्या पोराचा. पेटीचं तत्त्व फार देखणं आहे: कर्ण्यातून आलेलं पाणी जड म्हणून तळाशी पडतं आणि भोकांतून डेकवर निघून जातं. केबिनची नळी तळापासून उंच आणि कर्ण्यापासून बाजूला, म्हणून तिच्या वाट्याला फक्त हवा. तुषारांना ही पेटी पुरून उरते. अख्खी लाटच तिच्यावर बसली, तर मात्र तत्त्व वाहून जातं आणि कोकोपीट भिजतं. भिजल्यावर पुढे काय होतं ते विनोदी लेखात मावत नाही.

त्यामुळे वहिनींनी नळीचं झाकण फिरवून घट्ट बंद केलं. आता दर्या बाहेर आणि बाकी सगळं आत. अशा वेळी डब्यात थेंबभर लघवी सांडली तरी संपलं, कारण दोन्ही एकत्र आलं की वास उठतो. संडास बोटीच्या उजव्या भिंतीला पाठ लावून बसवलेला. बोट डावीकडे कलली की सगळं पुढे, बाटलीत. उजवीकडे कलली की मागे, डब्यात. वाऱ्याविरुद्ध जाणारी शिडाची बोट नागमोडी चालते, एकदा या कुशीवर, एकदा त्या. वहिनींनी फतवा काढला: डाव्या कुशीवरच जायचं, आणि पुरुषांनीही बसूनच.

"भावोजी, जायचंय का? आत्ताच सांगा, बाजू बदलतायत."

असं विचारल्यावर कोणालाही जावंसं वाटत नाही. बोट उजवीकडे कलली की मात्र लगेच वाटतं. मग मित्राला विनवणी, शिडांची फडफड, दोऱ्यांची ओढाताण, आणि बोट माझ्यासाठी प्रशांत महासागरात वळण घेते. माझी बायको दर वळणाला सगळ्यांदेखत विचारायची, "आता कोण?"

संध्याकाळी धक्क्यावर शेजारच्या बोटीवरचा एक म्हातारा खलाशी मित्राच्या मोबाईलवर आमचा वेडावाकडा मार्ग कौतुकाने न्याहाळत होता. इथे, इथे आणि इथे बाजू बदललीत ती भरतीचा प्रवाह पकडायला ना, असं त्याने विचारलं. मित्र "अर्थात" म्हणाला. वहिनी बाटली रिकामी करायला गेल्या होत्या म्हणूनच त्याला ते म्हणता आलं.