दोनशे लिटरचा समुद्र

आमच्या प्रकाशा गावी घरात मासे पाळणं हे ना पुण्य, ना पाप. त्यामुळे त्यावर मत द्यायला गावात सगळेच मोकळे. तापी-गोमाईच्या संगमावरचं हे गाव दक्षिण काशी म्हणून ओळखलं जातं. केदारेश्वराच्या दर्शनाला आलेला पाहुणा जाता जाता आमच्याकडे चहाला टेकतो, काचेच्या टाकीतलं पाणी खारं आहे असं कळलं की कप खाली ठेवतो आणि विचारतो, "दारात गोड्या पाण्याची तापी असताना हा कुटाणा कशासाठी?" मी त्याला बिस्किटं पुढे करतो.

मासे आणले सुरतेहून. तापीचं पाणी आमच्याकडून उकाई धरणामार्गे सुरतेला जातं आणि तिथे समुद्राला मिळतं. माझे दोन क्लाउनफिश उलट्या दिशेने, प्राणवायू भरलेल्या पिशवीत, सोनगड-नवापूर करत बसने आले. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी सबंध प्रवासात त्यांच्याकडे एकदाही कौतुकाने पाहिलं नाही. नवापूर आल्यावर मात्र विचारलं, "हे तळायचे असतात की रश्शाचे?"

माशांपेक्षा जास्त वेळ गेला तो दिव्यात. दुकानदाराने एकेक दिवा लावून दाखवायला सुरुवात केली. दहा हजार केल्विन, चौदा हजार केल्विन, वीस हजार केल्विन. आकडा चढेल तसा उजेड निळा होत जातो आणि गिऱ्हाइकाचा चेहरा पांढरा. वीस हजाराला आमचं दिवाणखान्याचं स्वप्न थेट लग्नाच्या स्टेजसारखं दिसायला लागलं. यामागे शास्त्र आहे, नाही असं नाही. समुद्राचं पाणी सूर्यप्रकाशातला तांबडा भाग वरच्या काही मीटरमध्येच गिळून टाकतं, निळा खोलवर जातो. आणि प्रवाळाच्या अंगात राहणारी सूक्ष्म शेवाळं त्या उजेडावर अन्न तयार करून घरमालकाला भाडं देतात. तेव्हा प्रवाळ पाळणाऱ्याला असा दिवा हवाच.

पण पाळणार कोण? खडक बांधणारी प्रवाळं 2001 सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कागदोपत्री त्यांचं आसन वाघाच्या पंगतीला. ती घरात ठेवणं हा गुन्हा. राहिले मासे. क्लाउनफिश काही उन्हात बसून अन्न शिजवत नाही; तो आयतं खातो. त्याला दिवस-रात्र कळण्यापुरता उजेड मिळाला की झालं. वाघ नाही आणि पिंजरा मात्र वाघाचा, असं खरेदीपत्र मी टाळलं आणि साधा साठ वॅटचा एलईडी घेतला. दुकानदाराने तो असा बांधून दिला, की जणू साखरपुडा मोडून परत चाललेला आहेर.

साठ वॅटसुद्धा काही कमी नाहीत. दिव्यात गेलेली वीज शेवटी उष्णताच होते. साठ वॅट आठ तास जळले आणि ती सगळी ऊब पाण्यात उतरली, तर दोनशे लिटर पाणी दोन अंशांनी तापतं. जुना अडीचशे वॅटचा मेटल हॅलाइड असता तर साडेआठ अंशांनी. आणि हे आमच्या मे महिन्यात, जेव्हा पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला तरी गावात कोणी त्याची बातमी करत नाही. क्लाउनफिशला हवं पंचवीस-सव्वीस. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यातून खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा मुळातच कमी. म्हणजे उन्हाळ्यात माशाला धाप जास्त आणि हवा कमी.

तापी ही सूर्याची मुलगी आणि शनीची बहीण. उष्णतेच्या बाबतीत आमचं माहेर भक्कम आहे. स्वतःचाच दाह सोसवेना म्हणून सूर्याने तिला निर्माण केलं अशी कथा सांगतात. पाण्याने गार होण्याचा पहिला प्रयोग असा खुद्द सूर्याच्या नावावर आहे.

मुंबईचे हौशी लोक टाकी गार ठेवायला चिलर लावतात. चिलर टाकीतली उष्णता काढतो आणि दिवाणखान्यात सोडतो. मग माणसांसाठी कूलर. खिडक्या लावून कूलर चालवला की हवा दमट, आणि मग टाकीवरच्या पंख्याने काही साधत नाही. हे चक्र मी पाहुण्यांना समजावून सांगतो तेव्हा ते टाकीपेक्षा माझ्याकडे जास्त काळजीने बघतात.

खरं म्हणजे खानदेशी उन्हाला आपण उगाच शिव्या देतो. ते कोरडं असतं, आणि कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं. एक लिटर पाणी उडून जाताना इतकी उष्णता नेतं, की बाहेरून नवी येत नसेल तर उरलेलं दोनशे लिटर जवळपास तीन अंशांनी गार व्हावं. तेच एक लिटर बर्फ करून बाटलीतून टाकीत सोडलं तर जेमतेम अर्धा अंश. ओट्यावरचा माठ हा हिशेब न मांडता पिढ्यान्‌पिढ्या काम करतो आहे. मी टाकीचं झाकण काढलं, जाळी टाकली आणि पाण्यावर तिरपा असा दहा वॅटचा छोटा पंखा लावला. मुंबईच्या दमट हवेत हे जमलं नसतं.

तरी दिवाणखान्याचा स्लॅब संध्याकाळी भाकरी भाजण्याच्या लायकीचा होतोच. घरात गार जागा एकच, आजीची धाब्याची खोली. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. समुद्र तिकडे हलवला. आजीने पहिल्या दुपारी पंख्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "मासास्ले पंखा, आन् माले पदर?" दुसरा पंखा आला. तिने मात्र दिव्याचा प्रश्न कायमचा मिटवला. हरिपाठ झाला की ती दिवा घालवते, मासे जेवलेले असोत वा नसोत. पुस्तकात सहा ते आठ तास उजेड द्यावा, जास्त दिला की काचेवर शेवाळ चढतं, असं लिहिलेलं असतं. आजीचं म्हणणं, आठनंतर जागणाऱ्याला अक्कल नसते.

पाणी रोज पाचेक लिटर उडतं, आणि मीठ उडत नाही. रोज भर घालायची ती गोड्या, गाळलेल्या पाण्याची. खारं घातलं तर आठवड्यात लोणचं. हे मी शेजारच्या आबांना सांगत होतो. आबांची पपई आहे, कोवळ्या रोपांना उन्हाळ्यात क्रॉप कव्हर घालून जगवतात ते, त्यामुळे उन्हाचा ताण हा विषय त्यांना माझ्याहून चांगला कळतो. ते म्हणाले, "समुद्रात पाऊस काय खारा पडतो?" आणि घरी जाऊन ड्रिपची नळी, एक व्हॉल्व्ह आणि तासाला चार लिटरचा ड्रिपर घेऊन आले. पाण्याचा कॅन माळ्यावर चढवला. तिथून दाब अगदीच कमी, म्हणून ड्रिपर तासाला सव्वा लिटरवर समाधान मानतो. चार तासांत दिवसाची भर पूर्ण. या कामाचं महागडं इलेक्ट्रॉनिक यंत्र मिळतं. आबांनी माझ्याकडून चहा घेतला.

बेत बिघडतो तो जूनमध्ये. ढग येतात, पाऊस येत नाही, हवा ओल्या टॉवेलसारखी होते आणि पंखा नुसताच फिरतो. तेव्हा बर्फाच्या बाटल्या, अर्ध्या अर्ध्या अंशाच्या. त्यात लाईट गेली की इन्व्हर्टरवर आधी हवेचा पंप, मग घरातली माणसं. या क्रमवारीवर आमच्याकडे अजून एकमत नाही.

आबा हल्ली रोज सकाळी ड्रिपर बघून जातात. परवा मासे वाढत का नाहीत म्हणून चौकशी केली. क्लाउनफिश बोटभरच होतो, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. "नळी तर आहेच," ते म्हणाले, "त्यातून थोडं एकोणीस-एकोणीस-एकोणीस सोडून बघू." त्या विद्राव्य खतातलं नत्र आणि स्फुरद टाकीत गेलं तर मासे वाढतील की नाही ठाऊक नाही, शेवाळाला मात्र लग्नघर सापडेल. मी हसून विषय बदलला. माळ्याची शिडी तेव्हापासून माझ्या पलंगाखाली असते.