नोफॉलोकर

वेबसाइट चालवणाऱ्या बहुतेक ऑफिसांत एक नोफॉलोकर असतात. पगारपत्रकावर आडनाव वेगळं असतं, एवढंच. हुद्दा एसईओचा, म्हणजे साइट गूगलच्या शोधात वर आणण्याचा; काम मात्र बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लिंकवर संशय घेणं.

लेखात कुणी हवामान खात्याची लिंक दिली, की ते खुर्चीसकट सरकत येतात.

"नोफॉलो टाकलंस का?"

"सर, सरकारी साइट आहे."

"असू दे. ज्यूस आपला जातो!"

हा ज्यूस म्हणजे लिंक ज्यूस. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये पेजरँक मांडला, तेव्हापासून लिंक देणं म्हणजे गूगलकडे त्या पानासाठी शब्द टाकणं. मग फुकटच्या शिफारशीसाठी भामटे जिथे जागा मिळेल तिथे आपल्या लिंका चिकटवू लागले. म्हणून जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी तोडगा मान्य केला: लिंकच्या कोडमध्ये 'नोफॉलो' लिहायचं. म्हणजे, ओळख दाखवतो, जामीन राहत नाही.

भामट्यांसाठी काढलेलं हे औषध नोफॉलोकरांनी घरच्यांनाच पाजलं. स्वतःच्याच साइटच्या 'संपर्क' आणि 'नियम व अटी' या पानांच्या लिंकांवरही त्यांनी नोफॉलो ठोकलं. हिशेब सरळ होता: दहांपैकी पाच लिंका अडवल्या, की उरलेल्या पाचांना दुप्पट ज्यूस. २००९ मध्ये गूगलच्या मॅट कट्स यांनी जाहीर सांगितलं, की अडवलेला वाटा इतरांना मिळत नाही, वाया जातो. नोफॉलोकर हसले. "ते असंच सांगणार!"

दुसऱ्यांकडून मात्र त्यांना 'डूफॉलो' लिंक हवी असते. तशी विनंती करणाऱ्या मेल ते रोज पाठवतात. कोडमध्ये 'डूफॉलो' नावाचं काही नसतंच. साधी लिंक ही साधी लिंक असते. पण हे त्यांना सांगणार कोण? एकदा इंग्रजी विकिपीडियावर कंपनीची लिंक लागली, तेव्हा त्यांनी पेढे वाटले. तिथल्या बाहेर जाणाऱ्या लिंकांवर २००७ पासून नोफॉलो आहे, हे कळलं तोवर बॉक्स रिकामा झाला होता.

चाचणीचं एक पानही त्यांनी असंच 'लपवलं' होतं: लिंकवर नोफॉलो, काम फत्ते. भलत्याच साइटने त्या पानाची साधी लिंक दिली आणि ते गूगलवर झळकलं. शोधात पान नको असेल, तर त्या पानावरच नोइंडेक्स लिहावं लागतं.

सर्वांत मोठा घाव २०१९ मध्ये बसला. गूगलने जाहीर केलं, की नोफॉलो ही यापुढे आज्ञा नव्हे, नुसती सूचना. पाळायची की नाही ते आम्ही ठरवू. नोफॉलोकर दिवसभर जेवले नाहीत. "घरात कुणी ऐकत नाही ते ठीक," ते म्हणाले, "आता गूगलही?"

खरं तर नियम चार ओळींचा आहे. पैसे घेऊन दिलेल्या लिंकवर 'स्पॉन्सर्ड' लिहा. वाचकांनी टाकलेल्या लिंकवर 'यूजीसी' लिहा. ज्याची खात्री देता येत नाही, त्यावर नोफॉलो. आणि ज्याच्या माहितीवर आपला लेख उभा आहे, त्याला मोकळ्या मनाने साधी लिंक द्या. नोफॉलोकरांना विचारत बसू नका.