नळी फुंकली सोनारे

(स्थळ : अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं एडिसन. वेळ : ऑक्टोबरमधल्या शनिवारची सकाळ. पात्रं दोन. एक नवा, ज्यानं जूनमध्ये पोहण्याच्या तलावासकट घर घेतलं आणि ऑगस्टपर्यंत सगळ्या गावाला पोहायला बोलावलं. दुसरा जुना, कुंपणापलीकडचा, निवृत्त इंजिनियर. इथले मराठी लोक तलावाला ‘पूल’ म्हणतात. भारतातून आलेल्या आईवडिलांना मग नदी कुठे आहे ते शोधावं लागतं. आपण तलावच म्हणू.)

नवा : काका, हिवाळ्यासाठी तलाव बंद करायला येणाऱ्या माणसानं पाइप फुंकण्याचे वेगळे पैसे लावलेत. फुंकण्याचे! आपल्याकडे वैद्यसुद्धा पुडीचे पैसे घेतो, फुंकरीचे नाही.

जुना : तो फुंकायला येत नाहीये, पाणी काढायला येतोय. तुझ्या अंगणाखाली दीड-दोन इंची पीव्हीसीचे पाइप आहेत. काही तलावातलं पाणी पंपाकडे नेतात, काही गाळलेलं पाणी परत आणतात. पंप बंद केलास म्हणून ते रिकामे होत नाहीत. तलावाच्या पातळीखाली आहेत, भरलेलेच राहतात. आणि पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. शंभर लिटर पाण्याचा बर्फ झाला की त्याला एकशे नऊ लिटरची जागा लागते. ही वरची नऊ लिटर कुठे बसवायची, एवढाच तुझा हिवाळ्यातला प्रश्न आहे.

नवा : मग तलावातलंही पाणी फुगेल की. तलाव कसा फुटत नाही?

जुना : कारण त्याला झाकण नाही. पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून गार झालं की हलकं होऊन वर येतं, म्हणून बर्फ वरून धरतो आणि त्याला फुगायला वर मोकळी जागा असते. पाइपात तशी सोय नाही. तिथे बर्फ मध्येच एखाद्या जागी बुचासारखा बसतो. पुढे व्हॉल्व्ह बंद असला, की बर्फ आणि व्हॉल्व्ह यांच्यामधलं, अजून न गोठलेलं पाणी कोंडलं जातं. बर्फ वाढत जातो, पाण्याला दाबून लहान होता येत नाही, दाब चढत जातो. म्हणून पाइप बर्फ असेल तिथेच फुटतो असं नाही. कुठल्यातरी सांध्याला, कमजोर जागी फुटतो. गुन्हा बर्फाचा नाही, कोंडण्याचा आहे.

नवा : मग कोंडलेलं राहू दे की. जाड पाइप घालू, भक्कम बूच मारू.

जुना : ते करून झालंय. १७८४ आणि १७८५ साली कॅनडात, क्वेबेकला, ब्रिटिश तोफखान्याच्या मेजर एडवर्ड विल्यम्सनं तोफेचे पोकळ लोखंडी गोळे पाण्यानं भरले, तोंडात लोखंडी खुंटी ठोकली आणि थंडीत उघड्यावर ठेवून दिले. काही गोळ्यांच्या खुंट्या उडून शेकडो फूट लांब जाऊन पडल्या. जिथे खुंटी हलली नाही तिथे गोळाच तडकला आणि चिरेतून बर्फाची पात बाहेर आली. दारूगोळा न वापरता तोफगोळा फोडणारं पाणी तुझ्या प्लास्टिकच्या एल्बोला घाबरेल?

(इथे लेखकाला मध्ये तोंड घालू द्यावं. नव्याची अडचण बुद्धीची नाही, जन्मगावाची आहे. तो पुण्याचा, आणि पुण्याच्या तापमानाचा नीचांक १.७ अंश सेल्सिअस आहे, तोही १९३५ सालचा. म्हणजे थंडीची कमाल झाली तरी पाणी पाणीच राहिलं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले तर त्याचे फोटो पेपरात पहिल्या पानावर येतात. हिवाळ्याआधी नळातलं पाणी काढून टाकायचं, या कामाला मराठीत शब्दच नाही, कारण कामच नव्हतं. ज्या भाषेत ‘विहीर गोठली’ असं वाक्य कुणी उच्चारलं नाही, त्या भाषेत विचार करणाऱ्याला हे पैसे उकळण्याचं निमित्त वाटणं अगदी साहजिक आहे.)

नवा : पण पाइप जमिनीखाली आहेत. जमीन ऊबदार असते. आमच्या तळघरात थंडी वाजत नाही.

जुना : तळघर आठ फूट खोल आहे. इथे नव्या बांधकामाचा पाया तीन फुटांच्या आसपास खाली न्यावा लागतो, तो हौसेनं नाही. कडक हिवाळ्यात जमीन तिथवर गोठू शकते म्हणून. तलावाचे पाइप बहुतेक ठिकाणी दीड-दोन फुटांवरच असतात, आणि पंपाजवळ तर जमिनीतून वर येऊन उघड्यावर उभे असतात. दरवर्षी गोठण तिथे पोचेलच असं नाही, हे खरं. पण ज्या वर्षी पोचेल त्या वर्षी अंगण खणायला लागेल.

नवा : त्यापेक्षा गोठू न देणारं औषध ओतू. गाडीत घालतो तसं.

जुना : गाडीतलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, पुढच्या उन्हाळ्यात त्यातच पोहायचंय. तलावासाठी वेगळं मिळतं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, बहुतेक गुलाबी. पण भरलेल्या पाइपात ते ओतलंस तर रसनेचं सरबत होईल : रंग येईल, कस राहणार नाही. आधी पाणी काढ, मग हवं तर चार घोट जोडीला घाल. म्हणजे पुन्हा फुंकण्यापाशीच आलो.

नवा : बरं, तिसरा उपाय. पंप हिवाळाभर चालू. वाहतं पाणी सहजासहजी गोठत नाही.

जुना : हा तुझा सगळ्यात चांगला मुद्दा. टेक्सासमध्ये लोक हेच करतात. पारा गोठणबिंदूपाशी आला की पंप आपोआप सुरू होईल अशी यंत्रणाच असते तिथे, आणि एरवी ती पुरते. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासवर हिमवादळ आलं, लाखो घरांची वीज गेली, काही ठिकाणी दिवसचे दिवस. पंप थांबले, पाणी उभं राहिलं आणि पाइप, पंप, फिल्टर असंख्य घरांत फुटले. यंत्रणेत खोट नव्हती; फक्त ज्या रात्री तिची गरज होती त्याच रात्री तिला वीज नव्हती. इथे तर बर्फाच्या वजनानं तारा तुटतात. रिकाम्या पाइपाला मात्र विजेचं बिल येत नाही.

नवा : मग सगळा तलावच रिकामा करतो! मुळावरच घाव.

जुना : तो घाव तुझ्याच मुळावर बसेल. भरलेल्या तलावाचं वजन त्याला जमिनीत दाबून धरतं. रिकामा केलास आणि भोवतीच्या जमिनीत पाणी भरलेलं असलं, तर ते खालून रेटतं आणि काँक्रीटचा तलाव होडीसारखा वर उचलला जाऊ शकतो. आणि आत प्लास्टिकचं अस्तर असेल तर ते आकसतं. पाणी तलावात हवं आणि पाइपात नको, हीच तर कला आहे.

नवा : म्हणजे करायचं काय? गॅरेजमध्ये कॉम्प्रेसर आहे, शंभरच्या वर दाब देतो. पाच मिनिटांत उडवतो.

जुना : पाइपच उडवशील. पीव्हीसीत दाबाची हवा कोंडली तर त्याच्या चिरफळ्या उडतात. इथे दाब नको, भरपूर हवा हवी. ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम उलटा लावला तरी छोट्या तलावाचं भागतं. तो माणूस मोठा ब्लोअर आणतो. पाणी ओढून घेणाऱ्या, काठावरच्या तोंडाला तो लावायचा. आधी परतीच्या तोंडांतून पाणी येतं, मग गुळण्या केल्यासारखा आवाज, मग नुसते बुडबुडे. बुडबुडे जोरात आले की त्या तोंडाला रबरी बूच मारायचं आणि पुढच्याकडे जायचं. आता हा खालचा, तळाच्या जाळीचा पाइप. त्याच्या तोंडाशी हात पोचत नाही, बूच कोण मारणार? तिथे तळातून बुडबुडे येईपर्यंत फुंकायचं आणि हवा चालू असतानाच वरचा व्हॉल्व्ह बंद करायचा. आत अडकलेली हवा पाण्याला वर चढू देत नाही. तांब्या पालथा करून बादलीत दाबलास तर आत पाणी शिरतं का?

नवा : म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी!

जुना : इथे घडा पालथाच हवा.

नवा : आणि एखाद्या वळणावर थोडं पाणी राहिलंच तर?

जुना : राहू दे. पाइप अर्धा रिकामा असला की त्या पाण्याला फुगायला वर हवा आहे. थेंब न् थेंब पुसायचा नाहीये, फक्त कोंडमारा मोडायचा आहे. म्हणूनच काठावरच्या त्या तोंडात एक पोकळ, लवचीक नळी पिळून बसवतात. बर्फ दाबायला लागला की ती स्वतः चेपते. हवा दबते, पाणी दबत नाही. तासभर मी दुसरं काही सांगितलेलं नाही.

नवा : खरं सांगू काका? तुम्ही बोलत होतात आणि माझं चाललं होतं, नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

जुना : अरे, मग तुला समजलं सगळं! या एकाच कामात वारं इकडून तिकडे गेलं की काम फत्ते. सोनाराला बोलाव, दे त्याचे पैसे.

नवा : देतो. आणि पंपाच्या बुडाची ही दोन बुचं? कालच काढून पाणी सोडलं. गॅरेजमध्ये खिळ्यांच्या डब्यात टाकतो.

जुना : मुळीच नको. पंपाच्याच गाळणीच्या टोपलीत ठेव. मेमध्ये तलाव उघडताना पंपाचं झाकण काढून पहिल्यांदा तिथेच बघावं लागतं.