भूशास्त्राच्या नवशिक्यांसाठी उन्हाळी मार्गदर्शिका
(अंधेरी-बोरिवली-मुलुंड-घाटकोपर आवृत्ती)

अभिनंदन! तुम्ही बी.एस्सी.ला जिऑलॉजी घेतलं आहे. घरच्यांनी हा धक्का पचवला असेल असं गृहीत धरून पुढच्या सूचना दिल्या आहेत. नसेल पचवला, तर पहिला पाठ मोठ्यानं, स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेतानं वाचावा.

पाठ १ : नातेवाइकांना तोंड देणे

लग्नकार्यात तुम्हाला तीन प्रश्न येतील. पहिला, "म्हणजे भूगोलच ना?" इथे वाद घालू नये, जिलेबी घ्यावी. दुसरा, "गावच्या जमिनीत बोअर कुठे मारू?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. राज्य सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा याच प्रश्नावर चालते आणि तिथे तुमच्याच विषयाची माणसं पगार घेतात. 'सरकारी पगार' हे दोन शब्द ऐकले की काकांचा चेहरा खुलतो. तिसरा, "या अंगठीतलं पोवळं खरं आहे का रे?" पोवळं हा दगडच नव्हे, तो समुद्री जीवांचा सांगाडा आहे, हे खरं उत्तर. ते आत्याला सांगायचं की नाही, हे आहेर देऊन झाला आहे का यावर ठरवावं.

पाठ २ : उन्हाळी फील्ड कॅम्प डिसेंबरात करणे

इंटरनेटवर शोधलंत की 'समर फील्ड कॅम्प' हे शब्द जागोजागी भेटतात. ते अमेरिकेचं प्रकरण आहे. इंडियाना विद्यापीठाचं मोंटाना राज्यातलं फील्ड स्टेशन १९४९ पासून उन्हाळ्यात मुलांना डोंगरात हिंडवून नकाशे काढायला लावतं. तिकडे उन्हाळ्यात बर्फ वितळतं आणि खडक दिसू लागतो. आपल्याकडे मे महिन्यात त्याच खडकावर पापड भाजता येतो, आणि जूननंतर तो गवताखाली आणि शेवाळाखाली दिवाळीपर्यंत रजेवर जातो. म्हणून इथली कॉलेजं बहुधा थंडीत निघतात.

निघतात ती लांब. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग बेसॉल्टनं झाकला आहे. मुंबईच्या विद्यार्थ्याला काळा पाषाण आईच्या हातच्या वरणभाताइतका ओळखीचा असतो, पण वालुकाश्म, चुनखडक, वळ्या पडलेले थर पाहायचे तर राजस्थान किंवा कच्छ गाठावं लागतं. तेव्हा वर्गाची सहल निघेल तेव्हा 'मला बरं नाही' हा अर्ज देऊ नका. त्या आठवड्यात जे दिसतं ते पवईच्या टेकडीवर वर्षभर बसूनही दिसणार नाही.

घरी सांगताना 'शिबिर' हा शब्द टाळावा. मुलुंडच्या सोसायटीत उन्हाळी शिबिर म्हणजे हस्ताक्षर सुधारणा आणि व्यक्तिमत्त्व विकास. "ते तर तू पाचवीत केलंस," असं म्हणून फी नाकारली जाते.

पाठ ३ : सामानाची जमवाजमव

हातोडा, क्लिनोमीटर कंपास, दहापट मोठं दाखवणारी लेन्स, विरल हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली, पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही. यातल्या हातोड्याचा आणि आम्लाचा घाटकोपर-वर्सोवा मेट्रोच्या तपासणीशी संबंध येऊ देऊ नये. "मी दगडांचा अभ्यास करतो" हे वाक्य स्कॅनरसमोर उभं राहून म्हटलं की जितकं सांगावं तितकं संशयास्पद वाटतं. रस्त्यानं जावं.

आम्ल वापरण्याची रीत अशी. बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये पांढरी खनिजं भरलेली असतात. त्यांवर एक थेंब टाका. जोरात फसफसलं तर कॅल्साइट. काहीच झालं नाही तर बहुधा झिओलाइट किंवा क्वार्ट्झ, मग लेन्स काढा. कंपासची रीत याहून अवघड. उपनगरात तो रिक्षाजवळ, लोखंडी रेलिंगजवळ, विजेच्या खांबाजवळ धरला की उत्तर दिशा मनाला येईल तिकडे वळते. त्यातून बेसॉल्टमध्येच चुंबकीय खनिज असतं. तेव्हा कंपास खडकावर टेकवून एकच वाचन घ्यायचं नाही, थोडं दूर उभं राहून पुन्हा घ्यायचं. दोन्ही वाचनं वहीत लिहा. खोडरबर घरी ठेवा.

पाठ ४ : रेल्वे पासावर होणारी फील्ड

पश्चिम रेल्वेवाल्यांनी अंधेरीला उतरावं. गिल्बर्ट हिल हा ६१ मीटर उंच बेसॉल्टचा सुळका आहे, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. लाव्हा थंड होताना आकसला, आकसताना तडकला आणि त्याचे उभे बहुकोनी खांब झाले. अशीच रचना अमेरिकेतल्या डेव्हिल्स टॉवरवर पाहायला लोक विमानानं जातात. तुम्ही रिक्षानं जा. महापालिकेनं २००७ साली या टेकडीला वारसा दर्जा दिला आहे, म्हणून हातोडा पिशवीतच राहील.

त्यानंतर महाकाली लेणी, आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी. इतर पर्यटक बुद्धमूर्तींसमोर फोटो काढत असतील तेव्हा तुम्ही बाजूची साधी भिंत बघा. तिच्यात वेगवेगळ्या आकाराचे, कडा शाबूत असलेले दगडांचे तुकडे दिसतील. हा ज्वालामुखीजन्य ब्रेशिया. इथेही दगड फोडायला, उचलायला मनाई आहे. नमुना हवाच असेल तर इमारतीच्या पायासाठी उपसलेल्या ढिगाऱ्याजवळ उभं राहून मुकादमाला विचारा. तो देतो, वर चहा पाजतो. कांदिवलीच्या जुन्या खाणींतला हिरवट प्रेहनाइट जगभरचे संग्राहक जपून ठेवतात, आणि मालाड-कुर्ल्याच्या दगडावर फोर्टातल्या कितीतरी इमारती उभ्या आहेत. त्या खाणींच्या जागी आज टॉवर आहेत. त्यांच्या लॉबीत परदेशी संगमरवर असतो.

मध्य रेल्वेवाल्यांनी खट्टू होऊ नये. दख्खनच्या लाव्हाथरांना शास्त्रज्ञांनी दिलेली नावं वाचा : खालून वर इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा. बरंचसं स्तरशास्त्र तुमच्या टाइमटेबलात आहे. फक्त कल्याणला लाइनीला फाटा फुटतो हे ध्यानात ठेवा. चुकीच्या गाडीत बसलात तर थर बदलतो. घाटात हे थर जवळजवळ आडवे दिसतात, पण पनवेलच्या आसपास ते वाकतात आणि मुंबईकडे येताना समुद्राच्या दिशेला कलतात. याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. परीक्षेत हा प्रश्न आला तर मुलुंडच्या मुलाला खिडकीची जागा आठवली पाहिजे.

पाठ ५ : इंटर्नशिप मागणे

चाळीस प्राध्यापकांना एकच मेल पाठवून, त्यातल्या एकोणचाळिसांना दुसऱ्याच प्राध्यापकाच्या नावानं 'आदरणीय सर' म्हणण्याची पद्धत रूढ आहे. ती मोडा. ज्यांना लिहायचं त्यांचा एक तरी शोधनिबंध वाचा आणि त्यावर एक खरा प्रश्न विचारा. भारतीय विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती दोन महिन्यांची असते. तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटाकडेच भरावे लागतात. मे महिन्यात आठवण झाली तर हापूस खावा आणि पुढच्या वर्षीची तारीख भिंतीवर लिहावी.

प्रयोगशाळा मिळाली नाही तर बोगदे आहेत. गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता आणि ठाणे-बोरिवली मार्ग या दोन्ही प्रकल्पांचे जुळे बोगदे राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणार आहेत, आणि बोगदा तिथे भूशास्त्रज्ञ. अशा ठिकाणी नवशिक्याच्या हाती पहिल्यांदा येतो तो कोअर बॉक्स : लाकडी खोक्यात ओळीनं मांडलेले, ड्रिलनं काढलेले दगडाचे गोल दांडके. टेप घ्या. दीड मीटर ड्रिल केलं असेल, तर दहा सेंटिमीटरहून लांब तुकडेच मोजून बेरीज करा. बेरीज १.२ मीटर आली तर आर.क्यू.डी., म्हणजे खडकाच्या प्रतीचा निर्देशांक, ८० टक्के. खडक चांगला. मेख पुढे आहे. तुटलेली कड ताजी, स्वच्छ, खडबडीत असेल तर तो तुकडा ड्रिलिंगमध्ये तुटला, म्हणून जोडून एकच मोजायचा. कडेवर गंजाचा डाग किंवा चिकणमाती असेल तर ती खडकाचीच फट. तिथूनच पुढे पाणी येणार असतं.

इथे जरा थट्टा बाजूला ठेवू. १२ जुलै २००० रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात पावसात दरड कोसळली आणि सत्तरहून अधिक माणसं गेली. उपनगरांतल्या अनेक टेकड्यांच्या उतारांवर आजही वस्त्या आहेत. मुरूम कुठवर आहे, फटींचा कल वस्तीकडे आहे का, पाणी कुठून झिरपतं, हे पावसाळ्याआधी जाऊन बघणारी माणसं या शहराला हवी आहेत. तुमच्या विषयाचा उपयोग काय, असं पुन्हा कुणी विचारलं तर हे सांगा.

पाठ ६ : पुढे काय शिकावे

एम.एस्सी.साठी जॅम ही परीक्षा फेब्रुवारीत होते. ती पार केलीत तर आय.आय.टी. मुंबईत अप्लाइड जिऑलॉजी शिकता येतं. म्हणजे घाटकोपरच्या मुलानं अखिल भारतीय परीक्षा द्यायची आणि बक्षीस म्हणून पवईला जायचं. लांब जायची हौस असेल तर पुणे आणि नागपूर विद्यापीठांचे विभाग आहेत, धनबादची १९२६ साली सुरू झालेली आय.एस.एम. आहे. १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात शिरायचं तर पदव्युत्तर पदवीनंतर यू.पी.एस.सी.ची कंबाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा. परदेशात पीएच.डी. करायची तर विद्यापीठाच्या नावाआधी मार्गदर्शकाचं काम आणि फेलोशिपची रक्कम बघा. विद्यापीठाचं नाव शेजाऱ्यांच्या कामाचं असतं.

शेवटची सूचना. मुलाखतीत प्रमाणपत्रांची फाइल कुणी दोन मिनिटांहून जास्त चाळत नाही. "तुम्ही स्वतः काय पाहिलंत?" हा प्रश्न मात्र हमखास येतो, आणि त्याचं उत्तर फक्त वहीत सापडतं. तेव्हा कॅम्पच्या यादीत नाव लागायची वाट बघत बसू नका. येत्या रविवारी गिल्बर्ट हिल चढा, एका खांबाच्या कडा मोजा, आकृती काढा, तारीख घाला. पाऊस सुरू व्हायच्या आत.