गुपितभाऊ

यांचं खरं नाव मी सांगणार नाही. सांगितलं, तर ते माझ्याशी जन्मात बोलणार नाहीत. एवढंच सांगतो की ते गोंदियात राहतात, एका राईस मिलमध्ये दिवाणजी आहेत, सकाळी साडेसातला जयस्तंभ चौकाजवळच्या टपरीवर बिनसाखरेचा चहा पितात आणि त्यांच्या मोबाइलच्या काळ्या पाकिटाचं बटण तुटलेलं आहे. आता चौकात कोणालाही विचारा, तो तुम्हाला त्यांच्या दारात नेऊन सोडेल. वाटेत त्यांच्या शुगरचा ताजा आकडाही सांगेल. टपरीनं त्यांचं नाव ठेवलंय गुपितभाऊ.

2021च्या जानेवारीपर्यंत ते साधे भाऊ होते. पहाटे पाचला उगवता सूर्य आणि फुलांची परडी साऱ्या गोतावळ्याला धाडायचे. मग व्हॉट्सअ‍ॅपची सूचना आली: नव्या अटी मान्य करा, मुदत 8 फेब्रुवारी. 7 जानेवारीला इलॉन मस्कनं दोन शब्दांत जगाला सांगितलं, सिग्नल वापरा. भाऊंना वाटलं, आपल्यालाच सांगितलं. त्यांनी अकरा ग्रुपांवर निरोपाचं भाषण टाकलं आणि घर सोडलं. पुढे कंपनीनं मुदत 15 मेपर्यंत लांबवली, ती आपल्यामुळेच अशी त्यांची आजही समजूत आहे.

सिग्नलमध्ये भाऊ चोरपावलांनी शिरले. पण त्यांचा नंबर बाळगून जे आधीच तिथं बसले होते, त्यांना सिग्नलनं इमानदारीनं वर्दी दिली: भाऊ आले! अशी माणसं दोनच निघाली. एक पुण्यातला भाचा. दुसरा, ज्याचे चार हजार भाऊंकडे अडकलेत तो जुना सोबती. त्याचा पहिला मेसेज संपूर्ण गोपनीयतेत येऊन पोचला: ‘पैशाचं काय झालं जी?’

तेव्हापासून भाऊ टपरीवर प्रवचन देतात. 24 ऑगस्ट 2017ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, हे ते शेजाऱ्याच्या हातातला पेपर मागून वाचत वाचत सांगतात. हेच भाऊ धान विक्रीच्या नोंदणीला सातबारा, आधार आणि पासबुक घेऊन झेरॉक्सवाल्याकडे जातात आणि आधार काचेवरच विसरून येतात. मिलमध्ये मशीन सुरू असताना फोनवर बोलायची सवय, त्यामुळे त्यांचं कुजबुजणं चौकाच्या पलीकडच्या पानठेल्यावर ऐकू जातं.

पण एक कबूल केलं पाहिजे. भाऊंचा अभ्यास पक्का आहे. मुलीसाठी स्थळ पाहावं तसं त्यांनी एकेक अ‍ॅप पाहिलंय: घर कोणाचं, पोट कशावर भरतं, कुलूप कसं.

टेलिग्राम? ‘वाडा मोठा हाय. पन साध्या गप्पाले दोन्ही टोकाचं कुलूप नाई. सीक्रेट चॅट येगळी उघडा लागते, अन् तेबी दोघापुरतीच.’ नापास.

2025मध्ये झोहोच्या अरट्टैचा बोलबाला झाला. देशी म्हणून भाऊ हरखले. चौकशी केली, तर कॉलला कुलूप होतं, लेखी मजकुराला त्या वेळी नव्हतं. ‘पोरगं चांगल्या घरचं हाय, पन अजून शिकून राह्यलं.’

व्हॉट्सअ‍ॅप? ‘कुलूप 2016पासून सिग्नलच्याच बनावटीचं, खोटं कायले बोलू? पन घर मेटाचं. चिठ्ठी ते नाई वाचत. पाकिटावरचं वाचतात. कोन, कोनाले, किती वाजता!’

सिग्नलचं कौतुक करताना मात्र त्यांचा गळा दाटतो. संस्था नफ्याची नाही, देणगीवर चालते. 2016मध्ये अमेरिकेत सरकारी चौकशीत माहिती मागितली, तर द्यायला दोनच गोष्टी निघाल्या: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं. ‘पाकिटच ठेवत नाई बाप्पा ते!’

गेल्या हिवाळ्यात भाऊंच्या मुलीचं जमवायला घेतलं, तेव्हा भाऊंची अट एकच: बोलणी सिग्नलवर. पत्रिका नंतर. मुलाचे वडील सालेकशाकडचे. ते म्हणाले, ‘आमच्या इकडे सिग्नलच नाई राहत जी, टावर दूर हाय.’ हा गुंता सुटायला आठ दिवस लागले. शेवटी मुलानं बापाच्या फोनमध्ये सिग्नल टाकून दिलं, आणि भाऊंनी मेसेज चोवीस तासांत आपोआप पुसले जातील अशी सोय केली. ‘सोयरीक पक्की होतपर्यंत कोनाले समजलं नाई पायजे.’

कोणी त्यांचा एक मेसेज वाचला नाही, हे मी शपथेवर सांगतो. गरजच पडली नाही. रविवारी भाऊंच्या दारात नऊ जोडी चप्पल होती, त्यात दोन नवी कोरी. आदल्या दिवशी काकूंनी पोहे तीन किलो नेले. भाऊ कधी नव्हे ते इस्त्रीच्या शर्टात स्टेशनवर दिसले, आणि सालेकशाच्या बाजूची गाडी येऊन गेल्यावर चार पाहुणे घेऊन परतले. टपरीनं पाकिटावरचं सगळं वाचलं.

बुधवारी सकाळी भाऊ टपरीवर आले ते पडेल चेहऱ्यानं. चहा निवत ठेवून मोबाइल वरखाली करत राहिले. मी विचारलं, तर पहिल्यांदाच खरोखर हळू आवाजात म्हणाले, ‘इवायांनी साक्षगंधाची तारीख धाडली होती. पुसल्या गेली.’

पुन्हा विचारायची सोय नव्हती. ज्या माणसाला आठ दिवस कुलपाचं महत्त्व शिकवलं, त्याला कोणत्या तोंडानं सांगणार की किल्ली हरवली?

चहावाल्यानं गाळणी आपटली आणि वर न पाहताच म्हणाला, ‘बावीस तारीख जी, भाऊ. आमगावचा हॉल. मंडपवाल्याले काल बयाना भेटला, तो इथंच चहा पेते.’

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून बिडीचं पाकीट काढलं आणि त्याच्यावर तारीख लिहून घेतली.