सरंगा राज्याचा, जाळं कुणाचं?

सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने पापलेटला राज्य मासा केलं. मालवणात त्याला सरंगा म्हणतात. मान मोठा मिळाला, पण सरंग्याला मोठं होऊ देतो कोण? तळहाताएवढा होण्याआधीच तो बारीक आसाच्या जाळ्यात येतो आणि बाजारात वाट्यावर विकला जातो.

त्याच वर्षी ५४ प्रजातींची किमान लांबी कायद्याने ठरवून दिली. उत्तम! आता पहाटे बंदरावर फूटपट्टी घेऊन उभं कोण राहणार?

इच्छुकांनी अर्ज करावेत.

घोषणांत आपला हात कुणी धरू नये. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. त्यात सिंधुदुर्ग किल्ला आहे, प्रवाळ आहे आणि पहिल्या दिवसापासूनचं भांडणही आहे. ज्यांच्या चुली या पाण्यावर पेटतात, ते म्हणतात आम्हाला विचारलंच नाही. ते विरोधात का, याचं सरकारला अजून कोडं आहे!

बरं, हे पाणी कुणाचं? अभयारण्य वन खात्याचं, मासे मत्स्य खात्याचे, किल्ला पुरातत्त्वचा, जेटी सागरी मंडळाची. पर्यटकांच्या होडीचा नांगर प्रवाळावर पडला, तर जायचं कुणाकडे?

प्रवाळाला मत नसतं.

एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून अख्खा थवा उचलायच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. तरी मच्छीमारांना रात्री समुद्रात ते दिवे दिसतात. गस्तवाल्यांना? बहुधा उजेडाने डोळे दिपत असावेत.

गंमत पुढेच आहे. अभयारण्याला विरोध करणारा पारंपरिक मच्छीमारच हे दिवे विझवा म्हणून आंदोलन करतो. त्याची तक्रार एवढीच, की नियम त्याच्या रापणीच्या जाळ्याला आणि मोकळं रान ट्रॉलरला. असा बिनपगारी राखणदार दारात उभा असताना त्याला अभयारण्याच्या समितीत खुर्ची द्यायला काय हरकत आहे?

दिल्लीचं मन त्याहून मोठं. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने खुल्या समुद्राच्या करारावर सही केली. कुठल्याच देशाच्या मालकीचा नसलेला समुद्र आता आपण राखणार. मालकीचा? महिनाभरच आधी आपल्याच किनाऱ्यावर वाढवण बंदराची पायाभरणी झाली होती. खर्च ७६ हजार कोटी, समुद्रात भराव १,४४८ हेक्टर. म्हणजे मालवणच्या अभयारण्याचा जवळजवळ निम्मा आकार.

एकीकडे राखायचं, दुसरीकडे बुजवायचं. समतोल विकास म्हणतात तो हाच!

नवी घोषणा नको. जुन्या अभयारण्याला चालू इंजिनाची गस्तीनौका द्या, तिला डिझेल द्या, आणि पकडलेली बोट एका फोनवर सोडू नका. एवढंही परवडत नसेल, तर पर्यटनाच्या जाहिरातीत प्रवाळाचे फोटो छापणं तरी थांबवा. फसवणुकीची तक्रार ग्राहक आयोगात चालते. तिथे निदान तारीख तरी पडते.