आसगावात आपले शंभर टक्के स्वागत आहे

प्रति,
मा. संचालक मंडळ,
देशातील समस्त खाजगी आरोग्य विमा कंपन्या
(परदेशी भागधारकांसह)

विषय : मौजा आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा येथे आपल्या आगमनाबाबत.

महोदय,

सर्वप्रथम अभिनंदन. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने विमा कायदा दुरुस्त केला आणि आपल्या धंद्यात परकीय भांडवलाला शंभर टक्के मोकळीक मिळाली. 2000 साली 26 टक्क्यांपासून सुरुवात, 2015 ला 49, 2021 ला 74 आणि आता पुरते शंभर. बांधीचा धुरा दरवर्षी वीतभर सरकवणारा शेजारी आमच्याकडेही असतो. पण इतक्या चिकाटीचा, आणि तोही सरकारी मोजणीत पास होणारा, आम्ही पाहिला नव्हता.

योगायोग असा की 2025 ही आणखी एका टक्केवारीची मुदत होती. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले आहे की 2025 पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा. 2021-22 च्या, म्हणजे ऐन कोरोनाच्या दिवसांच्या सरकारी हिशेबात तो 1.84 टक्के निघाला. शंभराचे काम वेळेत झाले. अडीचचे अजून प्रक्रियेत आहे.

तिकडे 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटीही गेला. त्यासाठी 2024 मध्ये आमच्या बाजूच्या नागपूरच्या खासदारांनी, नितीन गडकरींनी, अर्थमंत्र्यांना पत्र लिहिले होते. कर गेला याचा आनंद आहेच. पण तो जातो न जातो तोच विश्लेषक सांगू लागले की कंपन्यांना आता आपल्या खर्चावरच्या कराची वजावट मिळणार नाही, तेव्हा मूळ हप्ता थोडा वाढेल. म्हणजे मेला तो कर, सुतक आपल्या दोघांना. तेरवीचा खर्च मात्र आमच्याकडे.

आता गावाविषयी. आसगाव चौरास भागात आहे. धानाचा मुलूख. रोवणीच्या दिवसांत अख्खे गाव गुडघाभर चिखलात असते, आणि ताप, जुलाब, विंचू, साप हे सगळे त्याच दिवसांत येतात. विमा नियामकाचे स्वप्न आहे की 2047 पर्यंत प्रत्येकाकडे विमा असावा. त्यासाठी ‘विमा वाहक’ नेमायचे ठरले आहे, प्रत्येक ग्रामपंचायतीत निदान एक, शक्यतो बाई. कल्पना उत्तम. डॉक्टर गावात येत नाही, निदान डॉक्टरच्या बिलाबद्दल बोलणारे कोणीतरी येईल. ‘विमा विस्तार’ नावाच्या प्रस्तावित पॉलिसीत आरोग्याचा हप्ता 500 रुपये आणि दवाखान्यात भरती झाल्यास दिवसाला 500, तेही फार तर दहा दिवस, असे पेपरात वाचले. रात्री पेशंटला घेऊन नागपूर गाठायचे तर गाडीभाडे त्यात निघाले तर निघाले.

तुम्ही म्हणाल, तुमच्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड आहे ना? आहे. 1 जुलै 2024 पासून सगळ्याच रेशनकार्डांना 5 लाखांचे कवच आहे. या योजनेचा हप्ता 2012 पासून आधी नॅशनल आणि मग युनायटेड इंडिया या सरकारी कंपन्यांकडे गेला. आपल्या नजरेतून ही बांधी सुटली कशी, याचे नवल वाटते. पण तेही कार्ड चालते माणूस भरती झाल्यावर. बीपीची रोजची गोळी त्यात नाही, तापाची चिठ्ठी नाही. ती मिळते प्राथमिक आरोग्य केंद्रात. तिथे 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरचेही पैसे पडत नाहीत, आणि आजवर तिथल्या नर्सबाईंनी कोणालाही विचारले नाही की हा आजार पॉलिसी घेण्यापूर्वी होता की नंतर झाला.

तुमच्याकडे तो प्रश्न पहिला. विदर्भात सिकलसेल आहे, हे तुमच्या जोखीम मोजणाऱ्या साहेबांना ठाऊक असेलच. तो आजार लेकरू आईच्या पोटातून घेऊन येते. जगात येण्याआधीच ‘आधीपासूनचा आजार’! मग 36 महिने थांबा. पूर्वी 48 थांबावे लागत, हीसुद्धा सुधारणाच म्हणायची.

आमच्या एका नातलगाची गोष्ट सांगतो. कंपनीचे आणि दवाखान्याचे नाव नको. पॉलिसी 3 लाखांची, त्यामुळे खोलीभाडे दिवसाला एक टक्का, म्हणजे 3 हजार. दवाखान्यात 5 हजारांचीच खोली रिकामी होती. वाटले, वरचे 2 हजार आपण देऊ. दवाखान्यातून सुटी झाली त्या दिवशी कळले की खोली 5 ची आणि हक्क 3 चा, म्हणून सर्जनची फीसुद्धा शंभरातले साठच मंजूर, शस्त्रक्रियागृहाचे भाडेही तसेच. शिवाय हातमोजे ‘उपभोग्य वस्तू’ म्हणून नामंजूर. काउंटरवर नातलगाने विचारले, “मग डॉक्टरनं हात पाठीमागं बांधून ऑपरेशन करावं का?” काउंटरवरच्या पोराने नम्रपणे सांगितले, “सर, सिस्टिम घेत नाही.”

सिस्टिम काय घेते आणि काय घेत नाही, हे नियामकाच्या अहवालातच आहे. 2023-24 मध्ये आरोग्य विम्याचे 15,100 कोटींचे दावे अटींवर बोट ठेवून कापले गेले आणि 10,937 कोटींचे सरळ फेटाळले. फक्त आरोग्य विमाच विकणाऱ्या कंपन्यांनी हप्त्याच्या शंभर रुपयांतले 65 च्या आसपास दाव्यांवर खर्च केले. सरकारी कंपन्यांनी शंभराहून जास्त. त्यांना धंदा कळत नाही, हे उघड आहे.

सरकारी दवाखान्यांची अवस्था पाहा, असे कोणी म्हणेल. आम्ही पाहिली आहे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि 10 बाळे गेली. इथे थट्टा सुचत नाही. त्या रात्री तिथे धड वायरिंग हवे होते, आग विझवणारी यंत्रणा हवी होती, जागी माणसे हवी होती. यातले काहीही पॉलिसीने विकत मिळत नाही; ते सरकारला उभारावे लागते, आणि उभारायला तोच अडीच टक्क्यांचा पैसा लागतो. ऑक्टोबर 2024 मध्ये भंडाऱ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. तिथे मास्तर आणि खाटा पुरत्या भरल्या, तर आमचा अर्धा विमा तिथेच उतरेल.

तरीही आपण यावे. हप्ता भरायला आम्ही तयार आहोत, फक्त अटी आपल्याच नमुन्यातल्या राहतील. पहिले 36 महिने प्रतीक्षा. तोवर हप्ता मिळणार नाही. आपल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचे ऑफिस ग्रामपंचायतीच्या खोलीपेक्षा मोठे निघाल्यास हप्ता त्या प्रमाणात कापू. पावतीचे कागद, पेन आणि शिक्का ‘उपभोग्य वस्तू’ असल्याने त्यांचे पैसे वेगळे. नफा कमावण्याची सवय आपल्याला आधीपासून होती काय, हे अर्जात खरे लिहावे; लपवल्याचे आढळल्यास करार रद्द आणि भरलेली अनामत जप्त. काही शंका असल्यास टोल-फ्री नंबर आहे. तो लागत नाही.

आपला विश्वासू,
एक संभाव्य ग्राहक, आसगाव

ता. क. : कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने 1 तासात निर्णय द्यावा, असे नियामकाचे मे 2024 चे परिपत्रक आहे. आमच्याकडेही रोकड नाही, तेव्हा हा अर्ज कॅशलेस समजावा आणि उत्तर तासाभरात द्यावे. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. माणूस तिथे बसवून ठेवला आहे.